आंग टाकाची येळ : एका योगप्रकल्पाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

योगशिक्षक पदविकेचा प्रकल्प आजपासून. अट अशी की बारा आठवडे, आठवड्यातून निदान चार दिवस वर्ग, कमीत कमी पंधरा जण आणि वर्गाची नोंदवही. सहभागींची नावं लिहायची नाहीत, क्रमांक टाकायचे. विषय मी घेतला ‘शेतमजूर स्त्रिया, योगाभ्यास आणि मानसिक संतुलन’. मार्गदर्शक सरांनी ‘संतुलन’खाली रेघ मारून विचारलं, हे मोजणार कसं? मी म्हटलं, बघू. त्यांनी सात प्रश्नांचा छापील फॉर्म हातात दिला. सुरुवातीला एकदा भरायचा, शेवटी एकदा.

गाव आर्वी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं. कपाशी, तूर, सोयाबीन, चार-दोन संत्र्याचे बगीचे. सतरा नावं मिळाली, सगळ्या बायका, वय एकवीस ते एकाहत्तर. क्र. ४ माझ्या सासूबाई. मी त्यांना विचारलं नव्हतं. यादी करताना शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या, म्हणाल्या, “माह्यं बी लिव.”

माझा धंदा शिवणकामाचा. एकोणीस वर्षं मशीनवर आहे. योगाकडे वळले ते झोप उडाली म्हणून, हे फॉर्मवर कुठे विचारलेलं नाही, इथे लिहून ठेवते.

वेळ ठरवली पहाटे साडेपाच. पुस्तकात ब्राह्ममुहूर्त सांगितलाय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

चौघी आल्या. त्यातली एक चावी द्यायला आली होती.

नळ एक दिवसाआड येतो आणि तो साडेपाचलाच येतो. त्याआधी चूल. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, डबे बांधायचे आणि आठच्या आत सोयाबीनच्या सोंगणीला निघायचं. ब्राह्ममुहूर्तावर गावातल्या सगळ्या बायका जाग्याच असतात, पण चुलीपुढे. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांना भाकर कोणीतरी करून देत असावं.

आज कोजागिरी. संध्याकाळीही कोणी येणार नाही, दूध आटवायचंय. मलाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वेळ बदलली. आता संध्याकाळी सात, गुरुदेव सेवा मंडळाच्या सभागृहात, सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर. पुस्तकातला पंचेचाळीस मिनिटांचा क्रम बसणार नाही, पंचवीस मिनिटं मिळतील. जेवणं त्यानंतर, म्हणजे पोट रिकामं राहण्याची अट आपोआप पाळली जाते. शिवाय प्रार्थनेला म्हणून घरातून निघता येतं. ‘योगाला जातो’ म्हणून निघालं की दारात दोन प्रश्न.

चौदा जणी होत्या. फॉर्म भरून घेतले. प्रश्न पहिला : तुमचा ताण १ ते १० मध्ये किती?

क्र. ७ (वय ७१) : “दहा म्हंजे किती वं? पायलीत सांग.”

क्र. ९ : “कर्ज धरून, का कर्ज सोडून?”

क्र. १४ (वय २१, बारावी झालेली) सगळ्यांना समजावू लागली की एक म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे डोकं फुटायची पाळी. मग आकडे पटापट आले. दोन, तीन, दोन, दोन, चार. आजींनी विचार न करता “लिव पाच” म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाला ऐकू येत नसल्यासारखं केलं. सासूबाई एक. क्र. ११ नेही एकच सांगितला. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी, त्याच्या हातानं, गेला. मी एक लिहिला.

उरलेल्या तिघींचे फॉर्म घरी जाऊन भरून आणीन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला सात जणी मोझरीला जाऊन आल्या. कौंडण्यपूरवरून नदी ओलांडली की फार लांब नाही. आज आसनं झालीच नाहीत, बोलणंच झालं. मी होऊ दिलं.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात बरोबर त्या मिनिटाला मौन असतं. लेकरं, म्हातारे, खाली बसलेले, उभे असलेले, सगळे जागच्या जागी. क्र. २ सांगत होती, जत्रेतल्या पाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला, वर बसलेली पोरं वरच राहिली, तीही गप.

मी विचारलं, तेव्हा मनात काय होतं? “काहीच नाई. श्वास आयकू येत व्हता. माह्या नाई, बाजूच्या बाईचा.”

सजगतेवर आम्हाला दोन तासांचं व्याख्यान झालं होतं. ही बाई पाळण्याखाली उभी राहून शिकून आली. इथे मी नवीन काही आणलेलं नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं ते बरं झालं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

क्र. २ च्या वावरात काल सीतादही झाली. पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग पहिला कापूस ओट्यात. म्हणजे आता जानेवारीपर्यंत वेचणी आणि माझा अभ्यासक्रम एकाच अंगावर चालणार. म्हणून आज आसनांची यादी फाडून नव्यानं केली.

वेचणारीचं अंग बघितलं पाहिजे. कमरेला ओटा बांधलेला, तो भरत जातो तसा पुढे ओढतो. मान खाली. कंबर पूर्ण वाकलेली नाही आणि सरळही नाही, अर्ध्यात अडकलेली, तीच सगळ्यात वाईट. दोन्ही हात छातीपुढे आणि बोटांची टोकं सुकलेल्या बोंडांनी ओरबाडलेली. हे सहा-सात तास. अशा बाईला मी पहिल्या आठवड्यात पादहस्तासन शिकवत होते! वाका, हात पायांना लावा! त्या हसल्या नाहीत ही त्यांची भलाई.

पुढे वाकायचं सगळं काढलं. ठेवलं ते ताडासन, खांदे मागे फिरवणं, मार्जारासनातला फक्त मान वर करून कंबर खाली सोडण्याचा भाग, कोपरांवरचं अर्धं भुजंगासन आणि सेतुबंध. बोटांसाठी मुठी उघडणं-मिटणं, मनगटं फिरवणं. एवढंच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्यांचं पथक १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आलं. आमच्या भागाला व्यायाम नवा नाही. पण गावचा आखाडा बाप्यांचा, आणि तो ज्याच्या अंगात दिवसाअखेर जोर शिल्लक आहे त्याचा. माझ्यापुढे जोर संपवून आलेल्या बायका आहेत.

कपड्यांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. वावरात साडीवरून नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट घालतातच, तोच घालून येतात. सेतुबंधाला काष्टा मारून घेतात. सरांनी पांढऱ्या टी-शर्टातले फोटो मागितलेत. बघू.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपली. हजेरी सहा. बाकीच्या माहेरी.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिलं शवासन. तेरा जणी होत्या. “पाठीवर झोपा, पाय थोडे दूर, तळहात वर, डोळे मिटा,” असं मी म्हटलं आणि तेरा जणी माझ्याकडे बघत बसून राहिल्या.

पहिली अडचण दिशेची. पश्चिमेला अधिष्ठान आणि महाराजांचा फोटो, तिकडे पाय नाही करायचे. पूर्वेला दरवाजा, दाराकडे पाय करून कोणाला निजवतात ते सगळ्यांना माहीत. उत्तरेला डोकं करत नाहीत. उरलं एकच, डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. सभागृह पूर्व-पश्चिम लांब आहे म्हणून ते जमलं, नाहीतर शवासन वास्तूच्या आराखड्यावरच अडलं असतं.

दुसरी अडचण रांगांची. दोन रांगा केल्या तर मागच्या रांगेच्या पायाशी पुढच्यांची डोकी येतात. सासूच्या डोक्याकडे सुनेचे पाय कसे? तीन सासू-सुनेच्या जोड्या आहेत, माझी धरून चार. म्हणून एकच लांब रांग, वयानं लावलेली.

तिसरी अडचण दाराची. दार उघडं, समोर पानठेला, तिथे चार पोट्टे. दार लावलं. मग दिवा. दिवा घालवला तर अंधारात काय चाललंय म्हणतील, म्हणून मागचा एक ठेवला.

हे सगळं करून झाल्यावर नऊ जणी पडल्या. पडल्या म्हणजे पदर गळ्यापर्यंत ओढून, पाय जुळवून, हात पोटावर घट्ट. क्र. ७ दीड मिनिटात घोरू लागल्या. बाकीच्या त्यावर हसल्या आणि हसता हसता उठून बसल्या.

घरी येताना सासूबाईंना विचारलं, तुम्ही का नाही पडलात? म्हणाल्या, “दिवा लागल्यावर बाई पडली का लोक इचारतात, तब्येत बरी नाई काय?” खरं आहे. मी या घरात आल्यापासून सासूबाईंना उजेडात आडवं झालेलं एकदाच पाहिलंय, टायफॉइड झाला होता तेव्हा. आणि त्यांनी मला? बाळंतपणं सोडून कधीच नाही.

पुस्तकात शवासन हे सोप्या आसनांच्या यादीत आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चूक झाली, माझी.

क्र. १४ ने विचारलं, ताई, याला शवासन काहून म्हणतात? मी शिकवलं होतं तसं सांगून टाकलं. शव म्हणजे प्रेत, प्रेतासारखं निश्चल पडायचं. हठयोगप्रदीपिकेत दिलंय, ‘शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’, म्हणजे थकवा हरण करणारं, चित्ताला विश्रांती देणारं. मी श्लोक म्हणेपर्यंत क्र. ११ उठली, चप्पल घातली आणि गेली. दार लावण्याचा आवाजसुद्धा केला नाही.

नवऱ्याला जमिनीवर असं निजवलेलं तिनं पाहिलंय. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून श्लोक म्हणत होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

नाव बदलायचं ठरवलं. वर्गात म्हटलं, आजपासून याला ‘विसावा’ म्हणायचं. मला वाटलं मोठं काम केलं. क्र. ७ पोट धरून हसू लागल्या. “अवं बाई, विसावा बी तिकडचाच व्हय! मसनाच्या वाटेवर तिरडी ठेवतात तो कोन्ता?”

सगळ्या हसल्या. मीही. आमच्या भाषेत थकलेल्या माणसाला नि मेलेल्या माणसाला एकच शब्द ठेवलाय, आणि मी शिवणकाम करणारी बाई, तो उसवायला निघाले होते.

शेवटी नाव आजींनीच दिलं. “आंग टाकाची येळ म्हन. आपन घरी तसंच म्हंतो.” आंग टाकणं. ठीक.

क्र. ११ कडे संध्याकाळी गेले. चहा झाला. मी माफी मागितली तर म्हणाली, नावाचं नाही काही, ताई. “उतानं पडलं का सारं वरून येते.” मी सांगितलं, गर्भार बाईला आपण कुशीवर निजवतो, तेही तेच आसन. डाव्या कुशीवर, गुडघे दुमडून, उशाला हात. पुस्तकी भाषेत वामकुक्षी. तिनं थोडा विचार केला. “मढं कुशीवर नसते,” म्हणाली. मी म्हटलं, नसतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सभागृह प्रचाराच्या बैठकीला दिलं. वर्ग आमच्या गच्चीवर, आठ जणी. भोंगा मधे मधे. मतदान २० ला, तोवर असंच चालेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मतदान झालं, सभागृह परत मिळालं. आज श्वास.

आधी हे नोंदवते की उपकेंद्रातल्या सिस्टरनी गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासून दिला, पाच जणींचा वाढलेला निघाला. त्यातल्या दोघी टीव्हीवर बघून घरी भस्त्रिकेसारखं काहीतरी जोरजोरात करत होत्या. बंद करायला लावलं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया, गरोदरपण, यात कपालभातीचे ठोके मारायचे नसतात. गोळ्या चालू ठेवा, हेही तीनदा सांगितलं, कारण योग सुरू केला की गोळी सोडायची असते अशी समजूत आहे.

मग साधं काम. नाकानं चार अंक श्वास घ्यायचा, सहा अंक सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. स्वस्थ बसलेला माणूस एरवी मिनिटाला बारा ते वीस घेतो. मोजायला माळ आणायचा विचार होता, पण माळ आली की देव येतो, मग कोणाचा देव हा प्रश्न येतो. क्र. २ नं ओट्यातून सरकी काढली. प्रत्येकीला बारा. एक श्वास सुटला की एक सरकी डाव्या हातातून उजव्या हातात. बारा सरक्या म्हणजे दोन मिनिटं. घड्याळ नको.

सोडणं लांब का करायचं, ते सांगताना मी व्हेगस नावाच्या मज्जातंतूपाशी अडखळले. क्र. १४ नं ते मनगटावर शोधून काढलं. नाडीवर बोट ठेवून बसली होती, एकदम ओरडली, “ताई, श्वास घेतला का जोरात पयते, सोडला का हयू होते!” सगळ्यांनी बोटं ठेवली. सगळ्यांना नाही सापडलं, सात-आठ जणींना सापडलं. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. स्वतःच्या मनगटावर कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं.

क्र. ११ आली होती. भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली. सरक्या मुठीत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

अकरापैकी सहा जणी आंग टाकल्यावर झोपी जातात. सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, हे चूक आहे, शवासनात जागृती हवी, झोप म्हणजे तमोगुण. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत आलस्य आहे, हे मला माहीत आहे ना? माहीत आहे. व्याधि, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, पुढचेही पाठ आहेत. पण नऊच्या नऊ वाचले तरी त्यात ‘चारला उठून पन्नास किलो कापूस वेचणे’ सापडत नाही. आलस्य वेगळं आणि शीण वेगळा. ज्याची झोप थकलेली आहे त्याच्याकडे आधी झोपेची उधारी फिटू दे, जागृती नंतर मागू. सरांना एवढं बोलले नाही. “हो सर” म्हटलं आणि कोणालाही उठवलं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरोघर घट, कथा, उपास. हजेरी तीन. पुढचे तीन गुरुवार सुट्टी.

११ डिसेंबर, बुधवार

आज मी स्वतः वेचणीला गेले. प्रकल्पात हे कुठे सांगितलेलं नाही, पण सहा आठवडे दुसऱ्याच्या कंबरेवर बोलल्यावर लाज वाटू लागली होती. गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याचं वावर, आठ जणी, दहा रुपये किलो. संध्याकाळी काट्यावर माझे एकोणीस किलो भरले. क्र. २ चे चोपन्न. पोट्ट्यांना तोंड दाखवायला जागा नाही.

सांगायचं ते दुपारचं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली डबे सुटले. झुणका, अंबाडीची भाजी, ठेचा. जेवण झाल्यावर नेहमी गप्पा मारत बसतात. आज क्र. ७ नं रिकामी पोती अंथरली, मी काही बोलायच्या आत दुपट्टा तोंडावर घेऊन आंग टाकलं. मग दुसरीनं. उघड्या वावरात, भर उन्हाच्या वेळी, सात बायका एका रांगेत, डोकी दक्षिणेला.

मालक मोटारसायकलवर आला. लांबूनच ओरडला, “काय वं, झोपल्या काय साऱ्या?”

आजी दुपट्ट्याच्या आतूनच बोलल्या, “आंग टाकलं, बापू. वेचनी किलोवर हाय, तासावर नाई.”

तो काही बोलला नाही. गाडी स्टँडवर लावून जरा वेळ पराटीकडे बघत उभा राहिला. त्याला तरी दोष काय द्यायचा? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१, व्यापारी त्याच्या खाली मागतात, खरेदी केंद्रावर ओलाव्याची खोट काढतात आणि वेचायला बायका मिळत नाहीत. त्यालाही कोणीतरी बारा सरक्या द्यायला हव्यात.

आजींच्या वाक्यात हिशेब पक्का होता. रोजंदारीवर पडलं तर मालकाचं नुकसान. किलोवर पडलं तर नुकसान आपलं, आणि आपलं नुकसान आपण करू शकतो. पंधरा मिनिटांचे दोन-तीन किलो गेले असतील. वीस-तीस रुपये.

२१ डिसेंबर, शनिवार

संयुक्त राष्ट्रांनी याच महिन्यात ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला, आजचा पहिलाच. सरांचा सकाळी मेसेज : सामूहिक ध्यानाचे फोटो आजच पाठवा, चेहरे स्पष्ट हवेत.

चेहरे स्पष्ट कसे असतील, त्यांनी पदर घेतलेले असतात. आणि डोळे मिटून पडलेल्या बाईचा फोटो काढायचा, तोही मोबाईलवर फिरणार, हे मला जमणार नाही. म्हणून सभागृहाच्या बंद दाराचा फोटो पाठवला. पायरीवर तेरा चपलांचे जोड. काल गाडगेबाबांची पुण्यतिथी होती, पायरी नुकतीच झाडून झालेली, फोटो चांगला आला.

सरांचं उत्तर : “हे काय?”

२९ डिसेंबर, रविवार

थंडी चांगलीच. सतरंजीखालून फरशी लागते. प्रत्येकीनं घरून वाकळ आणली.

रोज मी सूचना देते, मग दाराशी स्टुलावर बसून राहते. कोणी येऊ नये, पोट्ट्यांनी दार वाजवू नये म्हणून. आज सासूबाई उठल्या, स्टुलापाशी आल्या. “तू पड. दरवाजा मी पाह्यतो.”

मी म्हटलं, वर्ग मी घेते आहे.

“म्हून तं म्हंतो. दोन मयन्यांत तू एक बार तरी पडली काय?”

तेरा जणी डोळे मिटून ऐकत होत्या. मी सासूबाईंच्या वाकळीवर पडले, डोकं दक्षिणेला. पहिली दोन मिनिटं क्र. ९ च्या ब्लाउजची बाही डोक्यात, दंड साडेअकरा की बारा. मग सरक्या मोजल्या. आठवी की नववी सरकी असेल, उजवा खांदा दुखायला लागला. लागला म्हणजे आत्ता सुरू झाला असं नव्हे. तो दुखतच होता, किती वर्षांपासून कोण जाणे, कापड सरकवणारा हात तो. मला आज ऐकू आला. मग त्याच्यामागून मानेखालची एक गाठ. मग आणखी काही, जे अंगात नव्हतं, ते इथे लिहीत नाही.

क्र. ११ म्हणाली होती, पडलं का सारं वरून येते. मी तेव्हा तिला कुशीवर वळायला सांगून मोकळी झाले होते.

डोळे उघडले तर सासूबाई स्टुलावर ताठ बसलेल्या, दाराच्या कडीला हात लावून.

६ जानेवारी २०२५, सोमवार

बारा आठवडे काल पूर्ण. शेवटपर्यंत टिकल्या तेरा जणी. चौघी सुटल्या : एक माहेरी गेली, एकीच्या घरून बंद झालं, दोघी उसतोडीला.

फॉर्म पुन्हा भरून घेतले. रात्री कितीदा जाग येते, या प्रश्नाचे आकडे बहुतेकींचे कमी झाले. पण पहिल्या प्रश्नाचे वाढले. ताण किती? ऑक्टोबरात दोन-तीन सांगणाऱ्या बायका आता पाच, सहा, सात सांगताहेत. तेरापैकी नऊ जणींचा आकडा वर गेला. सासूबाई एकवरून चार. क्र. ११ एकवरून नऊ, आणि सांगताना तिचा आवाज हलला नाही. मी स्वतः फॉर्म भरला नव्हता, भरला असता तर माझाही वर गेला असता.

सरांचा फोन. आधीचे आणि नंतरचे फॉर्म उलटसुलट झालेत का? नाही म्हटलं. मग म्हणाले, म्हणजे तुमच्या योगानं ताण वाढला असा निष्कर्ष काढायचा? तेरा बायकांवरून कोणताच निष्कर्ष निघत नाही, एवढं मलाही कळतं. पण आकडे बदलणार नाही म्हटलं. परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत, असं सर म्हणाले. रागावले नव्हते, दमल्यासारखे वाटले.

संध्याकाळी क्र. ७ ला विचारलं, आजी, तवा पाच सांगितलं होतं, आता आठ. काय वाढलं?

“वाढलं काहीच नाई. तवा मोजाले येळ कुठं होती वं?”

निष्कर्षाच्या रकान्यात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, अवतरण चिन्हांत, सहभागी क्र. ७, वय ७१.

वही उद्या पोस्टानं जाईल. तुरीची सोंगणी लागली आहे, आठवडाभर सगळ्या वेगवेगळ्या वावरांत असतील. सभागृहाची चावी क्र. ४ कडे. सरक्यांची डबी क्र. ११ घेऊन गेली, त्यात तीन सरक्या कमी आहेत.